मुलीला व्हायरसच्या लॅबमध्ये पाठवू का?

पत्र:

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. थोरली मुलगी सांगलीला मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झाली. गेल्या वर्षी नेट-जेआरएफ (संशोधनासाठी फेलोशिप देणारी राष्ट्रीय परीक्षा) निघाली आणि आता पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी.साठी तिची निवड झालीय. विषय निपाह आणि त्यासारख्या घातक विषाणूंचा आहे.

२०२१ च्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ कोरोनात गेला. मिरजेला ऑक्सिजनवर होता. शेवटचं तोंडसुद्धा नीट बघायला मिळालं नाही. तेव्हापासून व्हायरसचं नाव काढलं तरी मुलीच्या आईचे हात कापतात. भावकीतले म्हणतात, एकदा घरात रोग येऊन गेला, आता परत आणायचाय का? मेव्हणे म्हणतात, बी.एड. करू दे, कुठल्यातरी संस्थेत चिकटवू. पलूसकडचं एक स्थळ आलंय, मुलगा बँकेत आहे. पीएच.डी.ला त्यांची ना नाही, पण "असला विषय नको" म्हणतात. मुलगी म्हणते, "पप्पा, काकांमुळंच मला हे करायचंय." मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायचं धाडस होत नाही. महिनाअखेरीस तिला हजर व्हायचंय. काय करू?

— एक बाप, तासगाव तालुका

उत्तर:

भाऊ, नमस्कार. वहिनींनाही माझा नमस्कार सांगा.

तुमच्या पत्रातली भावाची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. २०२१ चा एप्रिल-मे आपल्या भागात ज्यांनी काढलाय, त्यांना जास्त सांगायला नको. बेड मिळेल का म्हणून रात्री-अपरात्री केलेले फोन, रेमडेसिव्हिरची चिठ्ठी हातात घेऊन दुकानामागून दुकानं पालथी घालणारी पोरं, आणि सगळं करूनही शेवटी आपलं माणूस लांबूनच बघायचं. ज्या घरानं हे सोसलंय, त्या घरातल्या आईचे हात कापणारच. म्हणून पहिली विनंती अशी, की वहिनींच्या भीतीला घरात कुणी अडाणीपणा म्हणू नये. मुलीनंसुद्धा नाही. शिकलेली पोरं कधी कधी घाईत असं बोलून जातात आणि मग पुढची पाच वर्षं आई मनातलं काही सांगत नाही.

आता माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळत राहायला नको. तिला जाऊ द्या. विषाणूच्या भीतीपोटी अडवू नका. काळजी करण्यासारख्या गोष्टी या वाटेवर आहेत, पण त्या तुम्ही समजताय त्या नाहीत. त्यांच्याकडे मी येतेच.

तुमचा भाऊ कुठल्या प्रयोगशाळेत कामाला नव्हता. तो घरी, शेतात, बाजारात वावरणारा माणूस होता आणि तरी त्याला विषाणूनं गाठलं. घातक विषाणूंचा इतिहास बघितला तर बहुतेक वेळा असंच घडलंय. केरळात कोझिकोडला मे २०१८ मध्ये वटवाघळांतून माणसांत येणारा निपाह आला, तेव्हा १७ माणसं गेली. त्यात लिनी पुथुसेरी नावाची एक तरुण नर्स होती. पेरांब्रा गावच्या सरकारी दवाखान्यात तापाच्या रुग्णाची ती शुश्रूषा करत होती आणि त्या तापाला तोवर नाव नव्हतं. गुजरातेत साणंदजवळ जानेवारी २०११ मध्ये एक बाई तापानं आणि रक्तस्रावानं गेली. मागोमाग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, नर्स गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, नमुने तपासल्यावर कळलं की हा क्रिमियन-काँगो ताप आहे, गोचिडांतून पसरणारा. भारतात तो माणसांत असा उघड सापडण्याची ती पहिलीच वेळ होती.

या लोकांचा घात झाला तो समोर काय उभं आहे ते माहीत नव्हतं म्हणून. तुमची मुलगी जिथं जाणार आहे, तिथं बाटलीवर नाव लिहिलेलं असतं. आत काय आहे, ते हवेतून जातं की रक्तातून, कशानं मरतं, किती मिनिटांत मरतं, हे ठाऊक असतं आणि सगळी खोली त्या हिशेबानं बांधलेली असते.

ही खोली कशी असते ते थोडं सविस्तर सांगते. वहिनींना हा भाग वाचून दाखवा. न बघितलेल्या जागेबद्दल मन नेहमी वाईटच चित्र काढतं.

प्रयोगशाळांच्या सुरक्षेच्या चार पायऱ्या असतात. त्यांना बीएसएल-१ ते बीएसएल-४ म्हणतात. कॉलेजात मुलीनं जे केलं ते पहिल्या-दुसऱ्या पायरीचं. क्षयरोगाच्या जंतूंची वाढ करायची असेल तर तिसरी लागते. ज्या विषाणूंवर हमखास औषध किंवा लस नाही आणि ज्यानं माणूस दगावतो, त्यांच्यासाठी चौथी. निपाह या चौथ्या गटात येतो. अशी प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला एनआयव्हीच्या आवारात आहे, २०१२ साली तयार झालेली.

आत शिरायचं तर एकामागोमाग दारं असतात आणि पहिलं पक्कं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडतच नाही. आतल्या खोल्यांमध्ये हवेचा दाब मुद्दाम बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. त्यामुळे एखादी फट राहिली तरी हवा बाहेरून आत येते, आतून बाहेर जात नाही. बाहेर सोडायची हवा फार बारीक गाळण्यांतून गाळली जाते. आत काम करणारा माणूस अंगावरचे सगळे कपडे, घड्याळ, कानातलं बाहेर ठेवतो, आतले कपडे घालतो आणि त्यावर डोक्यापासून पायापर्यंत एकसंध असा जाड सूट चढवतो. छतावरून येणारी हवेची नळी त्या सुटाला जोडायची. सूट फुगतो आणि फुगलेलाच राहतो. याचा फायदा असा, की चुकून बारीक भोक पडलं तरी हवा आतून बाहेर जोरात निघते, विषाणू आत शिरत नाही. हातात दोन-दोन मोजे. नळीतल्या हवेचा आवाज कानात सतत घुमत असतो, म्हणून एकमेकांशी बोलायलाही यंत्र लागतं. एकट्यानं आत जायची पद्धत नसते. जोडीदार बरोबर असतो आणि बाहेरून कॅमेऱ्यावर कुणीतरी बघत असतं.

सगळं काम संथ चालतं. साध्या लॅबमध्ये जे अर्ध्या तासात उरकतं, त्याला तिथं दोन-तीन तास लागू शकतात, कारण जाड मोज्यांत बोटं पटपट चालत नाहीत आणि पटपट चालवायचीही नसतात. सुई, ब्लेड, काच शक्य तितकी टाळतात. निघताना आधी सुटासकट जंतुनाशक पाण्याचा फवारा, मग सूट उतरवायचा, आतले कपडे तिथंच ठेवायचे, मग अंघोळ आणि मग स्वतःचे कपडे. कचरा मोठ्या दाबाच्या वाफेत शिजून निघतो. सांडपाणीसुद्धा निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडत नाहीत. वहीचा कागदही तसाच बाहेर येत नाही.

तेव्हा भावकीतल्या लोकांना "रोग घरी आणेल" या बोलण्यावर एवढंच सांगा, की तासगावच्या एसटी स्टँडवर सर्दी-तापाचे जेवढे विषाणू अंगावर घेऊन आपण घरी येतो, तेवढे ती त्या दारातून आणणार नाही.

आणि ऐका, ही पोर पहिल्या दिवशी त्या सुटात शिरणारही नाही. नव्या विद्यार्थ्याला तिथं कुणी सोडत नाही. आधी साध्या लॅबमध्ये हात बसवायचा, मग तिसऱ्या पायरीचं प्रशिक्षण, वैद्यकीय तपासण्या, सूट घालून नुसतं पाण्यानं सराव करायचा, आणि मग अनुभवी माणसाच्या सोबतीनं आत. या क्षेत्रातले पुष्कळ लोक तर आयुष्यभर चौथ्या पायरीच्या खोलीत पाऊलही ठेवत नाहीत. नमुना आतच एका रसायनात घातला की विषाणू मरतो, पण त्याचा आरएनए, म्हणजे त्याची आनुवंशिक ओळख, शिल्लक राहते. तो आरएनए बाहेरच्या साध्या लॅबमध्ये आणून त्यावर महिनोन्महिने काम चालतं. पीसीआर करणं (कोरोनाच्या तपासणीत करायचे तेच), जनुकांचं वाचन करणं, कॉम्प्युटरवर एका विषाणूची दुसऱ्याशी तुलना करणं. मुलीचा बराचसा वेळ यात जाईल. बाकीचा जाईल पेशी सांभाळण्यात. विषाणू नुसत्या खाद्यावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. त्या बाटल्यांमध्ये वाढवाव्या लागतात, ठरल्या दिवशी त्यांचं पोषणद्रव बदलावं लागतं. दिवाळीचा पाडवा असला तरी बदलावं लागतं. वहिनींना याची तयारी ठेवायला सांगा. सणाला पोरगी येईलच असं नाही.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, तुम्ही विश्वासानं विचारलंय. प्रयोगशाळेत लोकांना लागण झाल्याच्या घटना जगात घडल्या आहेत. १९६७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग आणि फ्रँकफुर्टला आणि युगोस्लाव्हियात बेलग्रेडला आफ्रिकेतून आणलेल्या माकडांच्या अवयवांवर काम करणाऱ्यांना अनोळखी ताप आला. ३१ जण आजारी पडले, ७ गेले. विषाणूला मारबुर्ग हे नाव त्यानंतर मिळालं. १९७८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला देवीच्या विषाणूच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर काम करणारी एक छायाचित्रकार बाई देवीनं गेली. देवीचा जगातला तो शेवटचा बळी. आपल्याकडेही जंगलातल्या गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाच्या विषाणूवर सुरुवातीच्या काळात काम करणाऱ्यांपैकी काहींना त्याची लागण झाली होती. वर सांगितलेली दारं, सूट, फवारे हे नियम अशाच घटनांमधून एकेक करत आले. नियम पाळणारी संस्था आणि न घाबरता "माझ्याकडून चूक झाली, बोटाला टोचलं" असं लगेच सांगता येईल असं वातावरण, या दोन गोष्टी असल्या की धोका आटोक्यात राहतो. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. लपवलेली टोचणी जास्त घातक.

भाऊ, तुम्ही द्राक्षवाले आहात म्हणून एक विचारते. छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीरोगांसाठी किती फवारण्या होतात तुमच्या? औषध कालवताना हातात मोजे असतात का? तोंडाला टॉवेल गुंडाळून ब्लोअरवर बसता की मास्क लावता? तुमच्या घरात रोज जो धोका कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, तो मुलगी उद्या जिथं जाणार आहे तिथल्या धोक्यापेक्षा कमी सांभाळलेला आहे. तिला लॅबमधून सुट्टीला आल्यावर एकदा तुमची फवारणी बघू द्या. ती तुम्हालाच चार गोष्टी सुनावेल, आणि तुम्ही त्या ऐका.

हे काम आपल्यापासून लांब कुठंतरी चाललंय असंही समजू नका. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये एनआयव्हीच्या पथकानं वटवाघळं पकडून नमुने घेतले. काही वटवाघळांच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे आधी लागण होऊन गेल्याची खूण, सापडली. २०२१ च्या जूनमध्ये ही बातमी आली तेव्हा साताऱ्यात माझ्या ओळखीच्या लोकांनी स्ट्रॉबेरी खायची की नाही, इथपर्यंत चर्चा केली. महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची एकही नोंद तेव्हा नव्हती. पण हा विषाणू आपल्या डोंगरातल्या वटवाघळांपर्यंत पोचलेला असू शकतो, हे रोग यायच्या आधी आपल्याला कळलं. कसं कळलं? रात्री गुहेच्या तोंडाशी जाळी लावून, जाड हातमोज्यांतून वटवाघूळ अलगद सोडवून, त्याच्या घशातला बोळा आणि रक्ताचा थेंब घेऊन बसणारी माणसं होती म्हणून. तुमच्या भावाच्या वेळी आपल्याला रोग आल्यावर कळत होतं. तुमच्या मुलीच्या बोलण्याचा अर्थ मी तरी असाच लावते, की पुढच्या वेळी आधी कळावं. तिनं भावनेच्या भरात विषय निवडला असेल असं मानू नका. जेआरएफ भावनेवर निघत नाही.

या कामाची आपल्याकडे परंपरा आहे, हेही तिच्या मामांना सांगा. पुण्यातली एनआयव्ही ही संस्था १९५२ ची, तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि माणसांना ताप यायला लागला, तेव्हा याच संस्थेच्या लोकांनी जंगलात जाऊन गोचिडांतून पसरणारा नवा विषाणू शोधला. तोच माकडताप पुढं २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला काजूच्या बागांमध्ये काम करणाऱ्यांत आला. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये सापडलेल्या विषाणूला त्या गावाचंच नाव आहे आणि अजूनही तो लहान मुलांचे जीव घेतो. जानेवारी २०२० मध्ये देशातला पहिला कोरोना रुग्ण निश्चित झाला तोही पुण्याच्या तपासणीतून. मार्चमध्ये आपल्या इस्लामपुरात रुग्ण सापडले तेव्हा सगळा जिल्हा ज्या रिपोर्टची वाट बघत होता, तो रिपोर्ट काढणारी माणसं अशीच कुणाची तरी लेकरं होती. लम्पीचं सांगायलाच नको. २०२२ मध्ये तुमच्या भागातल्या गोठ्यांनी काय सोसलं ते तुम्ही बघितलंय. तो जनावरांचा विषाणू, माणसाला होत नाही, पण त्याच्यावरचं कामही याच विद्येचं. (तुमच्या गावात बारावीला जीवशास्त्र घेतलेली आणि जनावरांची आवड असलेली मुलं असतील तर त्यांना शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं सांगा. विषाणुशास्त्राकडे जायची ती आणखी एक चांगली वाट आहे आणि आपल्या मुलांना ती सुचतच नाही.)

आता खऱ्या काळजीकडे येते.

पीएच.डी.ला पाच वर्षं धरून चला, सहाही लागतात. जेआरएफ तिच्या स्वतःच्या नावावर निघालीय ही फार मोठी जमेची बाजू. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं कामाचा आढावा होऊन ४२,००० आणि वर घरभाडं. वसतिगृह मिळालं तर घरभाडं नाही. ही फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे पाचच्या पुढं काम लांबलं तर पैसा कुठून, हे आधीच विचारून ठेवायचं. शिवाय हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला पडतील या भरवशावर राहू नका. कागद अडकतात आणि तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. सुरुवातीच्या काही महिन्यांचा तिचा पुण्याचा खर्च तुमच्याकडे बाजूला ठेवा. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून सुटायला जसा उशीर होतो तो तुम्हाला नवा नाही, पण मुलीला घरी मागायची लाज वाटते म्हणून ती उपाशी राहते. मी वसतिगृहातल्या मुलींमध्ये हे बघितलंय.

पैशापेक्षाही महत्त्वाचा गाइड, म्हणजे पीएच.डी.चा मार्गदर्शक. माझी एक विद्यार्थिनी, अतिशय हुशार, कोरेगावकडची. एका मोठ्या संस्थेत गेली. चौथ्या वर्षी काम सोडून परत आली. विषाणूनं तिचं काही बिघडवलं नव्हतं. गाइड महिनोन्महिने भेटत नव्हते, भेटले की सगळ्यांसमोर अपमान करत होते, आणि तिनं केलेल्या कामावर दुसऱ्याचं नाव आधी लागलं. घरी ती बोलली नाही, कारण घरच्यांचा विरोध पत्करून गेली होती. "बघ, आम्ही सांगितलं होतं" हे ऐकायला लागेल या भीतीनं तिनं दोन वर्षं एकटीनं काढली. आज ती दुसऱ्या ठिकाणी चांगली नोकरी करते, पण ती दोन वर्षं तिची तिलाच ठाऊक. मुलीला नाराजीनं पाठवलं तर काय होतं ते सांगायला हे लिहिलं. पाठवायचं तर मोकळ्या मनानं पाठवा, म्हणजे अडचण आली की पहिला फोन तुम्हाला येईल.

हजर व्हायच्या आधी तिनं त्या गाइडच्या आत्ताच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन करावा. किती वर्षं लागली, मध्येच कुणी सोडून गेलं का आणि का गेलं, आता कुठं आहेत, चूक झाली तर सर-मॅडम कसे वागतात, हे विचारावं. विद्यार्थी फोनवर अडखळत बोलले किंवा विषय बदलायला लागले, तर तेही एक उत्तरच आहे. अजून वेळ गेलेली नाही. फेलोशिप तिची स्वतःची आहे, त्यामुळे वेळ पडलीच तर ती दुसरीकडेही नेता येते. त्याची रीतसर परवानगी काढावी लागते, पण वाट बंद नाही.

पीएच.डी. नंतरचं चित्रही उघड्या डोळ्यांनी बघा. कायम सरकारी शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या निघतात आणि अर्ज करणारे भरपूर. पुष्कळ मुलं काही वर्षं प्रकल्पावर, कंत्राटावर काम करतात, दरवर्षी मुदतवाढीची वाट बघत. काही परदेशी जाऊन येतात, काही तिकडेच राहतात. दुसऱ्या बाजूला लस आणि तपासणी किट बनवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि पुणे त्याचं मोठं केंद्र आहे. वैद्यकीय महाविद्यालयांमधल्या विषाणू तपासणी प्रयोगशाळा कोरोनानंतर वाढल्या, मिरजेलाही ही सोय झाली. तिशी उलटेपर्यंत स्थिर पगार हातात नसणार, हे गृहीत धरूनच निर्णय घ्या. सोनं मोडून किंवा कर्ज काढून शिकवायची ही वाट नाही, सुदैवानं तुम्हाला तशी गरजही नाही. पण ती दोन-तीन वर्षांत घराला हातभार लावेल असं धरून तिच्या धाकट्या भावंडाच्या शिक्षणाचं किंवा बोअरच्या कर्जाचं गणित मांडलं असेल, तर ते आजच बदला.

बी.एड.बद्दल मला वाईट बोलायचं नाही, मी स्वतः जन्मभर शिकवत आले. पण मेव्हण्यांना विचारा, चिकटवणार म्हणजे काय? किती भरायचे, आणि अनुदान कधी येणार? राष्ट्रीय परीक्षा पास होऊन महिना ३७,००० रुपये घेत शिकायला निघालेल्या मुलीला तिथून उठवून विनाअनुदानित शाळेत बसवण्यात स्थिरता कसली, ते मला समजलं नाही.

पलूसच्या स्थळाला स्पष्ट सांगा. "विषय हाच राहील, पाच वर्षं लागतील, लग्नानंतरही ती पुण्यात राहील." एवढं ऐकूनही ते तयार असले तर बोलणी पुढं न्या, नसले तर आत्ताच कळलं हे चांगलं. विषय बदलू असं खोटं आश्वासन देऊन साखरपुडा उरकू नका, तो बोजा पुढं मुलीवर येतो. संसार आणि हे काम एकत्र होतच नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मिनल डाखवे-भोसले यांचं सांगा. पुण्याच्या मायलॅब कंपनीत कोरोनाचं पहिलं देशी तपासणी किट ज्या गटानं बनवलं, त्याच्या त्या प्रमुख. मार्च २०२० मध्ये किट तपासणीसाठी एनआयव्हीकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाळंत झाल्या. त्यावेळी एनआयव्हीच्या संचालक होत्या डॉ. प्रिया अब्राहम, आणि घातक विषाणूंच्या प्रयोगशाळेची धुरा होती डॉ. प्रज्ञा यादव यांच्याकडे. बाईमाणसाचं हे काम नाही, असं कुणी म्हणालं तर ही नावं पुढं करा. बाकी मुलाकडच्या लोकांना ही सुटाची, फवाऱ्याची माहिती मुलीनं स्वतः समोर बसून सांगावी. तिला बोलू द्या. तिनं सांगितल्यावर ज्याच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसेल तो मुलगा बघा.

वहिनींसाठी दोन गोष्टी. शक्य झालं तर हजर व्हायच्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन जा. आतल्या लॅबमध्ये कुणी नेणार नाही, पण आवार, वसतिगृह, मेस, मुलीच्या खोलीची खिडकी बघून आलं की पुष्कळ फरक पडतो. गाइडना दहा मिनिटं भेटायची विनंती मुलीनं आधी करून ठेवावी. वहिनींनी त्यांना बिनधास्त विचारावं, "माझ्या पोरीला काही टोचलं तर तुम्ही काय करणार?" चांगला गाइड या प्रश्नावर हसणार नाही. कोणती खोली, कोणते डॉक्टर, किती दिवस देखरेख, हे तो क्रमानं सांगेल.

आणि फोनचं आधी ठरवून घ्या. लॅबमध्ये मोबाइल नेता येत नाही, आणि तो बाहेर ठेवून ती आत गेली की चार-पाच तास उचलणार नाही. पहिल्या आठवड्यात तीन मिस्ड कॉल झाले की तुमच्या घरात रडारड सुरू होईल, हे मी आत्ताच सांगते. म्हणून आत जायच्या आधी तिनं एक मेसेज टाकायचा, बाहेर आल्यावर दुसरा. वहिनींना मेसेज वाचायची सवय नसेल तर तिच्या धाकट्या भावंडाला तेवढं काम लावून द्या. आणि तासगावच्या शाखेत तिच्या नावाचं खातं असेल तर आधार जोडलेलं आहे ना ते या आठवड्यात बघून घ्या, फेलोशिपचे पैसे कधी कधी तिथंही अडकतात.

तुमची,
ताई